बर्ड फ्लूसाठी लॅम्प्रे माशाचं प्रथिन : कोल्हापुरातल्या वीस महिन्यांची नोंद

शोधनिबंधात 'योग्य क्लोन निवडून शुद्ध केले' असं एक वाक्य असतं (क्लोन म्हणजे प्रथिनाचा एकेक वेगळा प्रकार बनवणारी पेशींची वसाहत). त्या एका वाक्यात आमचे आठ महिने गेले. बर्ड फ्लूच्या विषाणूला धरणारं, लॅम्प्रे माशाच्या धर्तीचं प्रथिन बनवायचं जून २०२३ ला सुरू केलेलं काम जानेवारी २०२५ अखेरीस एका टप्प्यावर आलंय, म्हणून वह्या समोर ठेवून क्रमानं लिहितो. कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडच्या लहान प्रयोगशाळेत कुणी असं काही सुरू करत असेल, तर आम्ही ज्या खड्ड्यांत पडलो ते तरी त्यांना आधीच दिसतील.

आधी ही वस्तू काय आहे ते. लॅम्प्रे हा जबडा नसलेला मासा. दिसायला वामेसारखा, पण वाम नव्हे. तोंडाच्या जागी दातांची गोल चकती. जबडा नसलेल्या माशांपैकी लॅम्प्रे आणि हॅगफिश एवढे दोनच गट आज उरलेत, आणि आपला नि त्यांचा वंश साधारण ५० कोटी वर्षांपूर्वी वेगळा झाला. आपल्यासारख्या वाय आकाराच्या अँटीबॉडी त्यांच्याकडं नाहीतच. तेच काम व्हीएलआर नावाची प्रथिनं करतात, हे २००४ मध्ये उघड झालं. २४-२४ अमिनो आम्लांच्या कड्या, त्यात ठरावीक अंतरावर ल्युसीन, आणि दोन्ही टोकांना एकेक टोपी. अशा कड्या एकमेकींना लागून बसल्या की सगळं प्रथिन विळ्यासारखं वाकतं. चिकटतं ते विळ्याच्या आतल्या बाजूनं. शिवाय शेवटच्या टोपीतून एक बोट बाहेर आलेलं असतं, तेही धरायला मदत करतं. रक्तात स्रवणाऱ्या व्हीएलआरबी या प्रकाराचे असे आठ-दहा विळे एकत्र बांधलेले असतात. हे एकत्र बांधलेलं असणं किती महत्त्वाचं, ते आम्हाला शेवटी कळलं.

माशाचं आहे म्हणून यात जादू काही नाही. लॅम्प्रेला इन्फ्लुएन्झाचा विषाणू टोचून केलेला एक अभ्यास २०१५ मध्ये आला. त्यात या माशाची प्रथिनंसुद्धा हीमॅग्लुटिनिनच्या (म्हणजे एचए, विषाणू ज्यानं पेशीला चिकटतो त्या पृष्ठप्रथिनाच्या) साधारण त्याच जागा धरतात, ज्या आपल्या अँटीबॉडी धरतात, असं दिसलं. आम्हाला फायदा वेगळाच दिसत होता: एकच साखळी, आकार लहान, जीवाणूत बनतं, उष्णता सोसतं. गावोगावच्या पोल्ट्रीत वापरायची चाचणीपट्टी कधी करायची झालीच, तर हे गुण उपयोगाचे. आणि महाराष्ट्राला बर्ड फ्लू नवा नाही. देशातला पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच नवापूरला झाला होता.

मासा लागत नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण सगळे पहिल्यांदा तेच विचारतात. व्हीएलआरचे क्रम सार्वजनिक आहेत; जनुक ऑर्डर देऊन बनवून मिळतं.

१२ जूनला संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडं, म्हणजे आयबीएससीकडं अर्ज दिला. ३ जुलैला तो परत आला: 'विषाणू कोणत्या सुरक्षा पातळीवर हाताळणार?' शीर्षकात एच५एन१ हे बर्ड फ्लूच्या विषाणूचं नाव होतं आणि विषाणू वापरणार नाही हे आम्ही लिहिलं होतं पाचव्या पानावर. समितीनं विचारणं बरोबरच होतं. दुसऱ्या अर्जात पहिल्या चार ओळी अशा केल्या: जिवंत विषाणू कुठल्याही टप्प्यावर नाही, विषाणूचं फक्त एक पृष्ठप्रथिन, तेही बाहेर पेशींत बनवलेलं, विकत आणणार, ते संसर्ग करू शकत नाही, यजमान पेशी म्हणजे प्रयोगशाळेतलं यीस्ट, ई. कोलाय जीवाणू आणि एचईके२९३ या माणसाच्या पेशी. मग एकही प्रश्न आला नाही. मात्र जैवतंत्रज्ञान विभागाच्या प्रतिनिधीची तारीख जुळून बैठक व्हायला २५ ऑगस्ट उजाडला आणि सहीचं इतिवृत्त हातात पडलं ११ सप्टेंबरला. हे तीन महिने हातावर हात ठेवून काढू नका. तीन कोटेशन, जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर वस्तू मिळत नसल्याचा अहवाल, एकमेव पुरवठादार असल्याचं पत्र, ही कागदं त्याच काळात गोळा करता येतात. आम्ही ती नंतर सुरू केली आणि आणखी पाच आठवडे घालवले.

साचा म्हणून आम्ही रेपेबॉडी पद्धतीचा व्हीएलआर घेतला. कोरियातल्या गटानं २०१२ मध्ये दाखवलेली ही युक्ती: सुरुवातीची टोपी काढून तिथं इंटर्नलिन बी या जीवाणूच्या प्रथिनाची टोपी बसवायची, मग ई. कोलायमध्ये प्रथिन विरघळलेलं मिळतं. साधारण ७५० अक्षरांचं जनुक, जीएसटी धरून साडेचौदा हजार, पाच आठवडे. विळ्याच्या आतल्या बाजूच्या सहा जागा बदलायच्या ठरवल्या आणि प्रत्येक जागी एनएनके कोडॉन टाकला, म्हणजे कुठलंही अमिनो आम्ल येऊ शकेल अशी तीन अक्षरं. अशा सगळ्या प्रकारांचा संच म्हणजे लायब्ररी. त्याचा हिशेब आधी करून ठेवावा. एनएनकेमध्ये ३२ कोडॉन, त्यातला एक थांबा, म्हणजे प्रथिन तिथंच तुटतं. सहा जागांवर थांबा न येण्याची शक्यता ८३ टक्के, म्हणजे लायब्ररीतला सहावा भाग जन्मतःच अर्धवट. अमिनो आम्लांच्या पातळीवर २० चा सहावा घात, म्हणजे ६ कोटी ४० लाख प्रकार; डीएनएच्या पातळीवर १०७ कोटी. आम्हाला दहा इलेक्ट्रोपोरेशनमधून (विजेच्या झटक्यानं डीएनए पेशीत घालणं) मिळाल्या ३ कोटी यीस्ट वसाहती. सगळं झाकलं जात नाही हे उघड आहे. तरी पहिल्या फेरीतला कच्चा क्लोन सापडायला एवढं पुरतं. पकड घट्ट करायचं काम नंतर वेगळ्या लायब्ररीत होतं.

यीस्टच्या पृष्ठभागावर प्रथिन मांडायची पद्धत जुनी आणि भरवशाची आहे. ईबीवाय१०० ही जात, एजीए२ प्रथिनाला जोडलेला आपला व्हीएलआर. ग्लुकोजच्या माध्यमात ३० अंशांवर वाढवायचं, ६०० नॅनोमीटरला ओडी, म्हणजे गढूळपणा, २ ते ५ झाली की खाली बसवून गॅलॅक्टोजच्या माध्यमात (त्यानंच प्रथिन बनायला लागतं) ओडी १ ला घ्यायचं आणि २० अंशांवर २० ते २४ तास हलवत ठेवायचं. ओडी १ म्हणजे मिलीलिटरमागे अंदाजे एक कोटी पेशी. दोन गोष्टी चुकतात. शेकर २० अंशांवर लावलेला असतो, पण एप्रिलमध्ये खोली ३४ ला गेली की लहान शेकरला ती थंडी जमत नाही. आत साधा काचेचा थर्मामीटर ठेवा, पडद्यावरच्या आकड्यावर जाऊ नका. आणि ओडी ८-१० पर्यंत वाढलेली पेशी गॅलॅक्टोजला आळसावून प्रतिसाद देते. प्रथिन दिसणाऱ्या पेशी ४० ते ७० टक्के असतात. उरलेल्या का दिसत नाहीत म्हणून आम्ही पंधरा दिवस डोकं फोडलं. त्या तशाच असतात.

टॅगबद्दल, म्हणजे प्रथिन ओळखता यावं म्हणून जोडलेल्या खुणेच्या तुकड्याबद्दल, एक. या पद्धतीत एचए टॅग सर्रास वापरतात. तो नऊ अमिनो आम्लांचा तुकडा मुळात इन्फ्लुएन्झाच्याच हीमॅग्लुटिनिनमधून घेतलेला. आपलं लक्ष्यही एचए, टॅगही एचए. वहीत आठवड्याभरात एवढा गोंधळ झाला की आम्ही सी-मिक टॅगवर आलो. तो ओळखणारी अँटीबॉडी कोंबडीत बनवलेली निघाली, हा आणखी एक योगायोग.

आता लक्ष्य. आमचा सगळ्यात मोठा घोटाळा इथं झाला.

एच५ हीमॅग्लुटिनिन, २.३.४.४बी या एच५ विषाणूंच्या शाखेतलं, तीन साखळ्या एकत्र असलेल्या तिहेरी स्वरूपात, एचईके पेशींत बनवलेलं. १०० मायक्रोग्रॅमला ५८ हजार पडले. पेटीवरच्या यादीत 'एच५एन१' वाचून मुंबईत कस्टमला ती सहा दिवस थांबली. थर्माकोलच्या पेटीतला कोरडा बर्फ दिवसाला दोन-तीन किलो उडतो. पेटी कोल्हापुरात आली तेव्हा तळाशी मूठभर होता. पुरवठादाराकडून त्यांच्या लेटरहेडवर 'पुनःसंयोजित प्रथिन, संसर्गजन्य नाही, विषाणू नाही' असं पत्र आणि आयबीएससीच्या इतिवृत्ताची प्रत, दोन्ही पेटीच्या बाहेर चिकटवून पाठवायला सांगा. दुसरी पेटी दोन दिवसांत सुटली.

आल्या आल्या आकार तपासा. तिहेरी प्रथिन चाळणीच्या कॉलमवर २०० किलोडाल्टनच्या पुढं एका शिखरात उतरायला हवं. आमच्या पहिल्या पेटीतला तिसरा भाग गुठळ्या होऊन आधीच बाहेर पडला. गुठळीवर निवड केली की गुठळीला चिकटणारेच क्लोन मिळतात. चांगला भाग १०-१० मायक्रोग्रॅमच्या नळ्यांत वाटून गोठवला. एकदा वितळवलेली नळी पुन्हा गोठवायची नाही. मण्यांवर पकडता यावं म्हणून बायोटिन लावताना लायसीनवर कुठंही बसणारं रसायन घेऊ नका, ते नेमकं हवी ती जागा झाकून टाकतं. शेपटाला अ‍ॅव्हीटॅग असलेलं प्रथिन घेऊन बिरए एन्झाइमनं एकाच जागी बायोटिन लावणं महाग पडतं, पण फायद्याचं ठरतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये निवड सुरू केली. पहिल्या दोन फेऱ्या चुंबकी मण्यांवर. लायब्ररीच्या दहापट, म्हणजे ३० कोटी पेशी घेतल्या, आधी नुसत्या, बायोटिनला धरणाऱ्या स्ट्रेप्टाव्हिडिन मण्यांवरून फिरवून त्यांना चिकटणारे बाजूला काढले, मग बायोटिन लावलेला एच५. तिसऱ्या फेरीत आलेख असा सुंदर आला की आम्ही पेढे आणले. एप्रिलमध्ये वीस क्लोनचे क्रम आले: चौदा एकसारखे. तेही चांगलंच लक्षण वाटलं. मग कुणीतरी सहज तेच क्लोन एच१ या दुसऱ्या फ्लूच्या प्रथिनावर लावून पाहिले. चिकटले. मग कोरोनाच्या स्पाइकवर. तिथंही चिकटले.

या तिन्हींत समान काय? फोल्डॉन. तीन साखळ्या एकत्र धरून ठेवायला शेपटाला लावलेला सत्तावीस अमिनो आम्लांचा तुकडा, एका जीवाणूभक्षी विषाणूतून घेतलेला. आमचे चौदा क्लोन अगदी मन लावून तोच तुकडा धरत होते. तीन महिने आणि साधारण सव्वा लाख रुपये तिथं गेले. त्या आठवड्यात प्रयोगशाळेत कुणी फारसं बोलत नव्हतं.

दुसऱ्यांदा मेमध्ये सुरुवात केली तेव्हा क्रम बदलला. प्रत्येक फेरीआधी दोन वजाबाक्या (नको त्याला चिकटणाऱ्या पेशी आधीच काढून टाकणं): एक स्ट्रेप्टाव्हिडिनची, दुसरी फोल्डॉन आणि हिस्टिडिन टॅग दोन्ही असलेल्या, एचईकेतच बनवलेल्या दुसऱ्या प्रथिनाची. आणि एका फेरीआड लक्ष्य बदललं: कधी पूर्ण तिहेरी प्रथिन, कधी फोल्डॉन नसलेलं, एचएचं फक्त डोकं, म्हणजे वरचा भाग. दोघांनाही चिकटेल तोच टिकेल.

चुंबकी फेऱ्या कोल्हापुरात झाल्या, पण पेशी एकेक करून वेचणारं सॉर्टर यंत्र पुण्यात. तेव्हा तासाला अडीच हजार, आणि वेळ मिळायला महिनाभर आधी मेल. १९ जुलैची वेळ आमच्या चुकीनं हुकली. पुढची मिळेपर्यंत पाऊस आला, पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्याला ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि लाइट तीन-तीन तास जाऊ लागली. उणे ८० चा फ्रीजर बंद दारानं तेवढा वेळ सहज काढतो. दार उघडून 'ठीक आहे ना' पाहणारा माणूस हाच त्याला खरा धोका. लायब्ररीच्या नळ्या आम्ही तरीही द्रव नायट्रोजनमध्ये हलवल्या. नायट्रोजनसाठी शहरभर शोधायची गरज नाही. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी गावोगाव कॅन भरत फिरणारी गाडी जिल्ह्यात असतेच, तिच्याकडूनच घेतला. गाडीवाल्यानं कॅन उघडून बघितला आणि विचारलं, "साहेब, कुठल्या जातीचं हाय?" लॅम्प्रे म्हटल्यावर त्यानं मान डोलावली.

१४ ऑगस्टला पहाटेच्या एसटीनं पुणं. गॅलॅक्टोजवर वाढवलेल्या पेशी इथंच धुऊन, बर्फात, बीएसए प्रथिन घातलेल्या पीबीएस या खारट द्रावणात न्यायच्या. रंग तिथं जाऊन लावायचा. इथून रंगवून नेलं तर सहा तासांत कमकुवत पकड सुटते आणि आलेख फिका येतो. लक्ष्याची तीव्रता ५०० नॅनोमोलरवरून १०० आणि मग २० वर आणली. त्याखाली जाताना आकारमानाचा हिशेब करा. एका यीस्ट पेशीवर अंदाजे ५० हजार प्रथिनं असतात. १० लाख पेशी म्हणजे ०.०८ पिकोमोल. लक्ष्य दहापट हवं, म्हणजे १ नॅनोमोलरला निदान ०.८ मिलीलिटर. नेहमीच्या ५० मायक्रोलिटरमध्ये केलं तर लक्ष्यच संपतं आणि चांगला क्लोनही वाईट दिसतो. यंत्राच्या आलेखावर कुठल्या पेशी वेचायच्या ती खिडकी तिरकी आखायची, म्हणजे ज्यावर प्रथिन जास्त आहे तो उगाच पुढं जात नाही.

सप्टेंबरमध्ये अकरा वेगळे क्लोन हातात होते, यीस्टवर मोजलेली पकड ४० ते ३०० नॅनोमोलर (आकडा लहान तितकी पकड घट्ट). डोळे दिपवणारं काही नाही, पण फोल्डॉनवर एकही चिकटत नव्हता.

ई. कोलायमध्ये बनवताना घाई केली की प्रथिन तळाला बसतं. शेवटच्या टोपीत दोन डायसल्फाइड बंध (सिस्टीनच्या जोड्या) आहेत आणि साध्या बीएल२१ या ई. कोलाय जातीच्या पोटात ते जुळत नाहीत. शफल जातीत, ३० अंशांवर वाढवून, १६ अंशांवर रात्रभर ठेवल्यावर लिटरला ४ ते ६ मिलिग्रॅम मिळालं. निकेल कॉलमनंतर दोन जेल शेजारीशेजारी चालवा, एक बंध तोडणारं बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल घालून आणि एक न घालता. बंध नीट असतील तर न घातलेल्या रांगेतली पट्टी एकच दिसते आणि जरा खाली उतरते, कारण प्रथिन घट्ट गुंडाळलेलं असतं. वर शिडीसारख्या पट्ट्या दिसल्या तर बंध शेजाऱ्याशी जुळलेत. तो लॉट टाकून द्या, वाचवत बसू नका. अकरापैकी सात नीट बनले. ६५ अंशांवर अर्धा तास ठेवून सातपैकी पाचांची पकड जशीच्या तशी राहिली, आणि बर्‍याच महिन्यांनी बरं वाटलं.

आता हे एकेरी विळे विषाणूला रोखतात का? निष्क्रिय केलेला एच५ अँटीजन रीतसर पत्रव्यवहार करून मिळवला, त्याला सात आठवडे लागले. मग एचआय चाचणी, म्हणजे विषाणू तांबड्या पेशी एकमेकींना बांधतो ते आपलं प्रथिन रोखतं का हे पाहणं: व्ही तळाची प्लेट, २५ मायक्रोलिटर प्रथिन, २५ मायक्रोलिटर अँटीजन ४ एकक, अर्धा तास, मग कोंबडीच्या तांबड्या पेशी १ टक्का, २५ मायक्रोलिटर, चाळीस मिनिटं. १०० मायक्रोग्रॅमपासून सुरू करूनही एकेरी प्रथिनानं काहीही केलं नाही. सगळ्या खोलगट्यांत तांबडं धुकं, म्हणजे पेशी बांधल्याच गेल्या.

निसर्गात ते आठ-दहाच्या गुच्छात असतं याची आठवण तेव्हा झाली. व्हीएलआरबीचा मूळ देठ, ज्यातल्या सिस्टीनमुळे गुच्छ बांधला जातो, पाच क्लोनना परत जोडला आणि एचईके२९३ मध्ये बनवलं. देठासह ते ई. कोलायमध्ये करायच्या भानगडीत पडलो नाही. नोव्हेंबर आणि डिसेंबर त्यातच गेले. उत्पादन थोडं, १०० मिलिलिटर माध्यमातून मिलिग्रॅमच्या आत, पण पुरेसं.

८ जानेवारी २०२५ ला पुन्हा तीच प्लेट. चाळीस मिनिटांनी प्लेट तिरकी धरायची. रोखलं गेलं असेल तर तळाशी बसलेला तांबडा ठिपका हळूहळू ओघळतो, अश्रूसारखी धार खाली येते, आणि ती नुसत्या तांबड्या पेशी असलेल्या खोलगटीच्याच वेगानं यायला हवी. पहिल्या क्लोनमध्ये ती सातव्या खोलगटीपर्यंत आली, म्हणजे अंदाजे १.६ मायक्रोग्रॅमपर्यंत. दुसरा क्लोन चौथ्यापर्यंत. तिसरा आणि चौथा शून्य. ते धरतात, पण पेशीला चिकटायची जागा झाकत नाहीत.

पाचव्यानं फसवलं. त्याच्या सगळ्या खोलगट्यांत धुकं, अगदी अँटीजन न घातलेल्या खोलगटीतही. म्हणजे तो स्वतःच कोंबडीच्या पेशी एकमेकींना बांधत होता. व्हीएलआर साखरेच्या साखळ्या चांगल्या धरतात हे माहीत होतं, आणि आमचा एच५ एचईकेतला, साखरेनं मढवलेला. एकेरी असताना ती पकड इतकी कमकुवत की वजाबाकीतून निसटली. गुच्छात दसपट जोरानं उठली. 'अँटीजनशिवाय प्रथिन अधिक तांबड्या पेशी' ही एक खोलगटी प्रत्येक क्लोनला ठेवाच. आम्ही ती जागा वाचवायला जवळजवळ वगळली होती.

जुन्या, २००४ च्या व्हिएतनाम प्रकारच्या एच५ वर मात्र पहिला क्लोन चालला नाही. डोक्याचा तो भाग दोन शाखांत वेगळा आहे, त्यामुळे हे अपेक्षित होतं, तरी मन खट्टू झालंच. एचआय म्हणजे विषाणूला निकामी करणं नव्हे, हेही लिहून ठेवतो. जिवंत विषाणूवरची चाचणी बीएसएल-३ या उच्च सुरक्षा पातळीच्या प्रयोगशाळेतच होते आणि ती आपल्या आवाक्यातली गोष्ट नाही. साहित्याचा एकूण खर्च सव्वाआठ लाख, प्रवास वेगळा.

त्याच महिन्यात उदगीरला कावळे मेल्याची आणि नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत बर्ड फ्लूचे निघाल्याची बातमी आली. दुसऱ्या दिवशी गाडीवाला नायट्रोजन भरायला आला तो तोंडाला रुमाल बांधूनच. सध्या पहिल्या दोन क्लोनचे प्लाझ्मिड आणि गोठवलेलं प्रथिन बीएसएल-३ असलेल्या संस्थेकडं पाठवायच्या करारावर कायदा विभागाची सही व्हायचीय. सोबतचं 'संसर्गजन्य नाही'चं पत्र या वेळी आम्हीच आमच्या लेटरहेडवर काढलंय, आणि ते पेटीच्या बाहेर चिकटवायला आधीच बाजूला ठेवलंय.